मापात पाप

ब्लायनायला पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते,
डोंगरांचा मात्र अजून उजाडायचा विचार दिसेना.
घरांच्या पाठीशी पाटीच्या दगडाचा कचरा,
चार पिढ्यांनी उपसून टाकलेला,
ओला, निळसर, घरांहून उंच.

माझ्या पिशवीत बावीस प्रश्न.
प्रत्येकाखाली चार चौकटी:
हवं तसं, पुरेसं, थोडं कमी, मुळीच नाही.
कार्डिफच्या ऑफिसला कळायला हवंय
घरी येणाऱ्या मदतीनं म्हाताऱ्या माणसाचं नेमकं काय होतं.
फेऱ्या किती झाल्या, ते त्यांच्याकडे आहे.

इथेल पॅरी, वय सत्त्याऐंशी,
खिडकीकडे पाठ करून बसलेले.
दिवस तुमच्या मनासारखा जातो?
"हवं तसं."
अंगाची स्वच्छता?
"हवं तसं."
खाणंपिणं?
"हवं तसं," आणि शर्टावर कालचं सूप.
लोकांत मिसळणं?
चॅपलच्या कॅलेंडरकडे पाहिलं त्यांनी.
आम्ही नोव्हेंबरात, तिथे अजून ऑगस्ट.
"हवं तसं, बाई. लिहा."

मुलीला वेगळं विचारायचं, असा नियम.
नेरिसनं मला स्वयंपाकघरात नेलं
आणि नळ सोडला,
बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.
झोप लागते?
"लागते की."
स्वतःसाठी वेळ?
ती हसली,
एकही भांडं नसताना हात धूत राहिली.
"सकाळी तेंदाई येते ना. पंधरा मिनिटं.
दाढी केली तर अंघोळ राहते,
अंघोळ घातली तर लापशी गार.
पण पोर गुणाची आहे. पुरेसं लिहा.
नको. हवं तसं लिहा."
मग नळ आणखी मोठा करून:
"कमी लिहिलं तर त्यांना वृद्धाश्रमात नेतील का हो?"

बाहेर आले तर म्हातारबुवांनी बोटानं जवळ बोलावलं.
"तिला सांगू नका.
रात्री उठायचं झालं तर मी हाक मारत नाही.
पलंगाची कड धरून बसतो, उजाडेपर्यंत.
कमी लिहिलंत तर ती खचेल."

मापात पाप. दोन्हीकडून.
आणि दोन्हीकडून मायेनं.
छपरावर पाटीवर पाटी चढवतात
ती खालचीचा खिळा झाकायला.
एवढ्यावर हे घर कोरडं.

मी पेनाला टोपण लावलं.
सहजच विचारलं, खाणीत काय करायचात?
"पाट्या काढायचो. छिन्नी टेकवायची, एक टोला,
वहीचं पान सुटावं तशी सुटायची.
मापाला खाचांची काठी.
आणि मापांना नावं कुणाची, तर राण्यांची, सरदारणींची!
आम्ही फाटक्या कोपरांचे, दिवसभर सरदारणी मोजणार."
हसता हसता खोकला आला. पाणी दिलं.
"पण काठी लांबी सांगते, रुंदी सांगते.
तडा सांगत नाही."
खुर्चीच्या लाकडी हातावर
त्यांनी पेरानं दोनदा टकटक केली.
"वाजवून बघावं लागतं.
धड असली की घंटेसारखी बोलते.
तडकलेली बद्द."

आणि कान देऊन थांबले,
जणू खुर्ची काही म्हणेल.

खुर्ची अशी का, मी विचारलं.
"तेंदाईला घाई असते. नेरिसची कंबर गेलीय.
जाऊ द्या. भिंतही बरी आहे."
मदत करायची नाही, हाही नियमच.
मी आणि नेरिसनं मिळून खुर्ची फिरवली,
चाक गालिच्यात अडकलं, त्यांची शिवी वेल्शमध्ये निसटली,
मग एकदाची खिडकी समोर आली.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
ओल्या ढिगाऱ्यावर एक मेंढी उभी होती, तीही नाही.
मग म्हणाले, "तिकडचा रस्ता कधी केला?"
"सहा वर्षं झाली, बाबा."

पहिल्या प्रश्नावरची खूण मी खोडली आहे.
दुसरी कुठल्या चौकटीत करायची
ते अजून ठरलेलं नाही.
मागे नळ चालूच होता.